नदी मक्त्याने देता येत नाही

उन्हाळी रजेचे दिवस जवळ आले की जयपूरच्या महाराष्ट्रीय अधिकारीवर्गात अलीकडे एक वाद हटकून निघतो. आमच्यापैकी काहींना ट्राउट धरण्याचा नाद आहे. नोकरीच्या ओघात कधी श्रीनगरला, कधी सिमल्याला नेमणूक झाली, तेथे कोणी तरी हाती काठी दिली, आणि पिसे व रेशीम यांची बनावट माशी वाहत्या पाण्यावर अलगद टाकण्याची ती विद्या अंगात भिनली. पुढे बदली राजस्थानात झाली तरी मे महिन्यात पावले कुल्लूकडे, बंजारच्या खोऱ्यातील तीर्थन नदीकडे वळतात. तेथून परतणारा प्रत्येक जण एकच तक्रार घेऊन येतो: नदीवर फार गर्दी झाली. आणि तक्रारीपाठोपाठ तिचे औषधही सांगतो.

औषधे दोन प्रकारची आहेत. एक पक्ष म्हणतो, नदी ही परमेश्वराची देणगी. तिच्यावर परवाने, मुदती आणि हद्दी कसल्या? ज्याला यावयाचे त्याने यावे, ज्याला गळ टाकावयाचा त्याने टाकावा. दुसरा पक्ष वयाने आणि हुद्द्याने मोठा असतो. तो म्हणतो, अशा नदीचा पट्टा एखाद्या भल्या क्लबाला किंवा कंपनीला सरळ मक्त्याने द्यावा, शुल्क जबर ठेवावे. चार माणसे कमी येतील, पण नदी तरी राहील. पहिला पक्ष भाबडा आहे. दुसरा शहाणा दिसतो, आणि म्हणूनच अधिक घातक आहे.

ज्यांनी जन्मात गळ हाती धरला नाही, त्यांनीही या वादाकडे दुर्लक्ष करू नये. तळ्याचा, कुरणाचा, वाळूच्या पट्ट्याचा किंवा नदीच्या पात्राचा मक्ता ज्यांच्या टिपणीने आणि सहीने दिला जातो, त्यांपैकी कितीतरी जण या मासिकाचे वर्गणीदार आहेत. रजेवर असताना आपण जे मत बोलून दाखवितो, तेच कामावर रुजू झाल्यावर फायलीत उतरते. तेव्हा हे मत तपासून पाहणे हे केवळ हौशी मंडळींचे काम नव्हे.

प्रथम त्या माशाविषयी. हिमालयातील ट्राउट हा हिमालयाचा नाही. तपकिरी ट्राउट युरोपातला, आणि इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेतला. काश्मीरसाठी त्याची अंडी पहिल्यांदा १८९९ साली विलायतेहून निघाली ती वाटेतच नासली. दुसरी खेप १९०० साली स्कॉटलंडहून पोहोचली आणि जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल यांनी ती वाढविली. काश्मीरमधून हा मासा कुल्लूस नेला तो १९०९ साली, हॉवेल नावाच्या तेथील सहायक आयुक्ताने. म्हणजे मासा परका आणि त्याला आणणारेही परके, बदलीवर आलेले. ही गोष्ट ध्यानी ठेवावी; ती पुढे कामास येणार आहे.

या माशाचा स्वभाव असा की त्याला पाणी गार हवे, स्वच्छ हवे आणि खळाळते हवे. पाण्याची उष्णता वीस अंशांच्या पुढे गेली की तो कासावीस होतो. तो दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. डोळा तिखट, काठावर सावली हलली तरी डोह सोडून जातो. म्हणूनच माशी टाकणारा माणूस एका डोहावर बसून राहत नाही. तो प्रवाहाच्या उलट दिशेने हळूहळू वर चढत जातो, आणि त्याने एकदा ढवळलेल्या पाण्यात पुढे काही काळ दुसऱ्याला हाती काही लागत नाही. ज्या पट्ट्यात दोन माणसे दिवसभर सुखाने खेळतील, त्यात वीस माणसे उतरली तर वीसही जण रिकाम्या हाताने परततील. येथे टंचाई कोणा कारकुनाने निर्माण केलेली नाही. ती पाण्याच्या आणि माशाच्या स्वभावातच आहे.

एवढे समजले की पहिल्या पक्षाचे म्हणणे टिकत नाही. सर्वांना सदासर्वकाळ मोकळी असलेली नदी थोड्याच दिवसांत कोणाचीच राहत नाही. प्रथम जाळी येतात, मग विषारी पूड येते, शेवटी सुरुंगाची दारू येते. मासे मारण्यासाठी पाण्यात स्फोटके वा विष वापरणे हा गुन्हा ठरविणारा भारतीय मत्स्य अधिनियम १८९७ सालचा आहे. हा रोग तेव्हाही जुना झाला असला पाहिजे. आमच्या जयपूरपुरते बोलावयाचे तर रामगढचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. ज्या तलावावर १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकास्पर्धा झाल्या आणि ज्याने जयपूर शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले, त्याचे पाणलोट क्षेत्र सर्वांचे होते. ते सर्वांनी थोडे थोडे घेतले. कोणी ओहोळ अडविला, कोणी शेत पुढे सरकविले, कोणी भिंत बांधली. या अतिक्रमणांची राजस्थान उच्च न्यायालयाने २०११ साली आपण होऊन दखल घेतली. तोवर तलाव कोरडा पडलेला होता. मर्यादा नको असे म्हणणाऱ्याने एकदा तेथे जाऊन यावे.

तेव्हा मर्यादा हवी, यात दुमत नाही. काश्मीरने ती फार पूर्वीपासून घातली आहे. तेथे ट्राउटच्या नद्यांचे टप्पे पाडले आहेत. त्यांना 'बीट' म्हणतात. एका टप्प्यावर एका दिवशी मोजक्याच काठ्या, दिवसाला मोजकेच मासे, आणि काही टप्प्यांवर बनावट माशीखेरीज अन्य आमिषास बंदी. हिमाचलात नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरण्यास मनाई असते, कारण तो त्याच्या विणीचा काळ. ही व्यवस्था उत्तम आहे. दुसऱ्या पक्षाचे वकील नेमका हाच दाखला पुढे करतात आणि म्हणतात, पाहा, शिस्त आली की नदी वाचते. मग शिस्त लावणारा कोणी तरी मालक नको काय?

येथेच त्यांची गफलत होते. मर्यादा आणि मालकी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पंगतीला पाळी असते म्हणून पंगत विकत घेता येत नाही. टप्पा एका दिवसापुरता एकाला मिळतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. ही पाळी झाली. तोच पट्टा पाच वर्षांसाठी एकाच्या नावे केला की पाळी संपली आणि वतन सुरू झाले. पाळीने येणाऱ्याला उद्या येणाऱ्याची आठवण ठेवावी लागते. मक्तेदाराची नजर मुदत संपण्याच्या तारखेवर असते, आणि त्या तारखेच्या आत नदीतून निघेल तेवढे काढून घेणे हाच त्याचा हिशेब असतो. हा हिशेब करणारा माणूस दुष्ट असावा लागतो असे नाही. मक्त्याची रचनाच त्याला तसे करावयास शिकविते.

'पण आम्ही म्हणतो तो क्लब असला मक्तेदार नसतो. त्याला नफा नको, खेळ हवा,' असे यावर उत्तर येईल. तर कावेरीकडे पाहावे. बंगळूरच्या हौशी मंडळींच्या संस्थेने १९७० नंतरच्या दशकांत कावेरीचा पट्टा भाड्याने घेऊन राखला. सुरुंग लावणाऱ्यांना त्यांनी हुसकले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु नदीत मासा वाढावा म्हणून तीत महसीरची पिल्ले सोडण्यात आली, आणि ती आली आपल्या लोणावळ्याहून. टाटांच्या वळवण येथील केंद्रात डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांच्यासारख्या अभ्यासकांनी महसीरच्या कृत्रिम पैदाशीचे जे काम केले, त्याचा कोणाही महाराष्ट्रीयास अभिमान वाटावा. तथापि हा मासा आपल्या मुळा-मुठेचा. १८३९ साली साइक्सने त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मासळीवरून. कावेरीत कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला, प्रचंड महसीर होता. पाहुणा फोफावला आणि घरचा मासा दिसेनासा झाला. २०१८ साली त्या मूळ माशाची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली, आणि बाहेरून सोडलेल्या महसीरला अभ्यासक त्याचे एक कारण मानतात. हेतू शुद्ध, ज्ञानही होते, पैसाही होता. उणीव होती ती एकच: नदीत काय असावे हे ठरविणाऱ्यांचा जन्म त्या नदीच्या काठचा नव्हता.

आता दूरचे राहू द्या. झोटवाड्यातून सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या आत पोहोचेल अशा अंतरावर, अलवर जिल्ह्याच्या थानागाजी भागात, या वादाचा निकाल देणारी एक नदी आहे. तिचे नाव अरवरी. तीत ट्राउट नाही, आणि तिच्या काठची बहुसंख्य माणसे मासे खातही नाहीत. तरीही माशांवरूनच तिचा लढा झाला.

१९८० च्या सुमारास अरवरी ही पावसाळ्यापुरती नदी होती. उताराच्या तोंडाशी मातीचे अर्धवर्तुळाकार बांध घालून पाणी अडवावयाचे आणि जिरवावयाचे, या जुन्या युक्तीला त्या भागात जोहड म्हणतात. १९८६ नंतर भावता-कोल्याला आणि आसपासच्या गावांनी, तरुण भारत संघाच्या साहाय्याने, शेकडो जोहड नव्याने बांधले वा दुरुस्त केले. मजुरी बहुतांशी गावकऱ्यांची. सरकारी अंदाजपत्रकात या नदीसाठी कोणतेही शीर्षक नव्हते. विहिरींना पाणी चढले, आणि १९९५ च्या सुमारास अरवरी बारमाही वाहू लागली. पाण्यामागून मासे आले. आणि माशांमागून सरकार आले.

१९९६ साली हमीरपूर येथील जब्बर सागरात मासे धरण्याचा मक्ता एका ठेकेदारास देण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते. पाणी सरकारचे, मासा सरकारचा, आणि १९५३ चा राजस्थान मत्स्य अधिनियम सरकारच्या बाजूला. ज्या अधिकाऱ्याने कागद पुढे सरकविला त्याने बहुधा एक साधे नित्याचे काम उरकले. गावकऱ्यांनी मात्र विचारले: नदी मेली होती तेव्हा तिचा मक्ता कोणी मागितला नाही, आम्ही दहा वर्षे माती वाहून ती जिवंत केली, आता तीतला जीव विकावयाचा हक्क तुमचा कसा? त्यांनी काठावर पहारा बसविला, जाळी पडू दिली नाहीत, आणि अखेर मक्ता रद्द झाला.

परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत, हे या प्रकरणाचे खरे महत्त्व. ठेकेदार गेला म्हणून प्रश्न सुटला असे त्यांनी मानले नाही. आज माशावर आलेले संकट उद्या पाण्यावर येईल, आणि ते बाहेरूनच येईल असे नाही, घरातूनही येईल, हे त्यांनी ओळखले. म्हणून २६ जानेवारी १९९९ रोजी काठच्या सत्तर-बहात्तर गावांनी हमीरपूरला आपली अरवरी संसद स्थापन केली. तिने स्वतःवरच बंधने घातली: उसासारखी पाणी पिणारी पिके घेऊ नयेत, नदीतून वाटेल तसा उपसा करू नये, खाणींना वाव देऊ नये. या संसदेला कायद्याची मान्यता नाही, पोलीस नाहीत, दंड वसूल करणारा बेलीफ नाही. तरी २८ मार्च २००० रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन स्वतः त्या गावांत जाऊन आले. राष्ट्रपतीस जी संस्था भेटीयोग्य वाटली, तिला आमच्या खात्याच्या नोंदवहीत रकाना नसावा, यात दोष नोंदवहीचा मानावा.

यावर आक्षेप येतील. पहिला नेहमीचा: अडाणी लोकांस नदीचे शास्त्र काय कळते? निदान महाराष्ट्रीयाने तरी हा प्रश्न विचारू नये. आपल्या खानदेशात पांझरा आणि मोसम या नद्यांवर शतकांपूर्वीचे फड बंधारे आहेत. कोणत्या फडाला कोणत्या वर्षी कोणते पीक, पाटाचे पाणी कोणाला केव्हा, हे सारे लाभधारक मिळून ठरवीत, आणि पाटकरी, जागल्या, हवालदार ही माणसे तो ठराव अमलात आणीत. त्यांना पाळी कळत होती. महाडजवळच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यातील तिळसे येथे देवाच्या डोहातले मोठमोठे मासे शासकीय फलक लावण्यापूर्वीपासून निर्धास्त पोहत आहेत. ज्या नद्यांवर आमचे फलक लागले, त्यांतल्या किती नद्यांविषयी असे म्हणता येईल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला टाळून चालणार नाही. गाव म्हणजे काही सत्पुरुषांची सभा नव्हे. पाणवठ्यावरून माणसाला हाकलण्याची विद्या आपल्या गावांनी हजार वर्षे जोपासली आहे; महाडचेच नाव घेतले की चवदार तळे आणि १९२७ साल आठवते. काठच्या लोकांच्या हाती नदी सोपविली आणि त्यांनी ती आपल्यातल्याच दुबळ्यांना बंद केली, तर? आक्षेप रास्त आहे, आणि सरकारचे खरे काम येथेच सुरू होते. सुरुंग व विष रोखणे, विणीचा काळ पाळला जातो की नाही हे पाहणे, जातीवरून वा पैशावरून कोणाला काठ बंद होणार नाही याची हमी देणे, दोन गावांत तंटा पडला तर निवाडा करणे: हे सारे सरकारने करावे आणि कठोरपणे करावे. पंचाने सामन्यात पंचाचे काम करावे. त्याने चेंडू विकावयास काढला म्हणजे मग सामनाच उरत नाही.

तिसरा आक्षेप आमच्या गळवाल्या मित्रांचा: काठच्या लोकांच्या हाती सत्ता गेली तर ते आम्हां पाहुण्यांना येऊच देणार नाहीत. याला उत्तर खुद्द तीर्थननेच दिले आहे. त्या नदीवर लहान-मोठे जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते. खोऱ्यातील लोकांनी त्यांविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि त्यांच्या युक्तिवादात ट्राउट हा एक मोठा आधार होता. एका परक्या माशासाठी आणि त्यामागून येणाऱ्या परक्या माणसांसाठी त्यांनी प्रकल्पांतून मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडले. प्रकल्प थांबले; आज आमचे मित्र ज्या धारेत उभे राहून गर्दीची तक्रार करतात, ती धार बोगद्यात गेली नाही याचे कारण हे. पाहुण्याने यजमानाची घरे भाड्याने घ्यावी, त्याच्या मुलाला वाटाड्या म्हणून सोबत न्यावे, त्याने घातलेली मर्यादा पाळावी. मग यजमान दार बंद करीत नाही. दार बंद होते ते मक्तेदाराच्या फाटकामुळे, आणि ते प्रथम बंद होते यजमानालाच. काठावर जन्मलेल्या पोराला त्याच्याच नदीत गळ टाकल्याबद्दल पावती मागितली जाते, तेव्हा त्या पोराच्या हाती पुढच्या खेपेस गळ नसतो, दारू असते.

आणि या बाबतीत आपणां बृहन्महाराष्ट्रीयांवर थोडी अधिक जबाबदारी आहे. राजस्थानात आपले पूर्वज आले ते चौथाई वसूल करावयास. ज्या मुलखात राहावयाचे नाही, त्याचा चौथा हिस्सा घेऊन पुढे जावयाचे, ही ती रीत. तिची आठवण येथे अजूनही फारशी गोड नाही. नदीचा मक्ता ही चौथाईचीच आधुनिक आवृत्ती होय. आपण ठिकठिकाणी तीन-तीन वर्षे काढतो. आपल्या सहीचे आयुष्य मात्र आपल्या मुक्कामाहून मोठे असते. हॉवेल कुल्लूतून गेला, त्याचा मासा शतकानंतरही तेथे आहे. आपण गेल्यावर मागे काय राहणार याचा विचार करून लेखणी उचलणे, एवढी माफक अपेक्षा आपल्याकडून कोणी ठेवली तर ती गैर नाही.

यास्तव माझे म्हणणे थोडक्यात असे. नदीच्या पट्ट्याचा प्रस्ताव समोर आला तर काठच्या ग्रामसभेचा लेखी ठराव मागविल्याखेरीज त्यावर टिपणी लिहू नये. मक्त्याऐवजी पाळीची शिफारस करावी: दिवसाचा परवाना, मोजक्या काठ्या, माशांची मर्यादा, आणि शुल्काचा मोठा वाटा त्याच खोऱ्यात राखणदारीसाठी. काठच्या माणसाला त्या शुल्कातून मुक्त ठेवावे. आणि गळ घेऊन आपण स्वतः जाऊ तेव्हा हुद्दा सिमल्याच्या गाडीतच सोडून जावे. खात्याच्या ओळखीने पाळीबाहेर मिळविलेला टप्पा हा लहानसा मक्ताच असतो.

हे मी झोटवाड्यात बसून लिहीत आहे. येथे कारखाने आहेत, रेल्वेचे रूळ आहेत, आणि जमिनीखालचे पाणी इतके उपसले गेले आहे की सरकारनेच या गटाची नोंद अतिउपशाच्या यादीत केली आहे. नदी नाही. रामगढ आटल्यावर जयपूरच्या नळाला २००९ पासून पाणी येते ते शंभर कोसांच्या आतबाहेरून नव्हे तरी पुष्कळ दुरून, बनास नदीवरील बिसलपूर धरणातून. त्याच धरणाचे पाणी आपल्या शेताला मिळावे म्हणून २००५ सालच्या जूनमध्ये टोंक जिल्ह्यातील सोहेला येथे शेतकरी रस्त्यावर उतरले; गोळीबार झाला आणि पाच जीव गेले. आमच्या तोटीतून पडणाऱ्या पाण्यामागे काठच्या लोकांशी न झालेले एक बोलणे आहे. नदीच्या वाटणीचा प्रश्न ज्याला केवळ रजेतला करमणुकीचा विषय वाटतो, त्याने तोटी उघडताना सोहेला हे नाव एकदा उच्चारून पाहावे.